डावीकडला आरसा

नदीमनं बटण दाबलं आणि व्हॅनच्या डाव्या दाराचा आरसा कुणी हात न लावता हळूच वळला. त्यात आधी गॅरेजसमोरचा कडुनिंब आला, मग आभाळाचा एक तुकडा, मग आरमोरीचा बाजाररस्ता.

“झालं, काकू,” नदीम म्हणाला. “आता बसल्या जाग्यावरून फिरवा. काकाजीले हात भाईर काढाचं काम नाई.”

ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या गुणाबाईनं स्वतः बटण दाबून पाहिलं. भुंगा घुमावा तसा बारीक आवाज झाला. शेजारी बसलेल्या दादाजींनी त्या आवाजाकडं कान केला. त्यांचे डोळे उघडे होते, पण काचबिंदूनं त्यांतला उजेड कधीचाच नेला होता.

व्हॅन दादाजींचीच. डोळे गेले तेव्हा ती मागायला गिऱ्हाईक दारात येऊन बसलं होतं. दादाजींनी गाडी विकली नाही, बायकोला शिकवली. नुसत्या इंजिनच्या आवाजावरून ते सांगायचे, “आता दुसरा टाक.” गुणाबाई भाजीपाला घेऊन बाजार करू लागली. फक्त डाव्या आरशापर्यंत तिचा हात पोचत नव्हता, आणि जुना आरसा तर दर खड्ड्याला मान टाकायचा. मग दादाजी खिडकीतून हात काढून तो धरायचे. ती म्हणायची, “भाईर... जरासा खाली... बस.” ज्याला दिसत नव्हतं, तो तिला दिसावं म्हणून आरसा लावून द्यायचा. लोक हसायचे. त्या दोघांना मात्र त्यात हसण्यासारखं काही सापडलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एक मोटारसायकल दादाजींचं कोपर खरचटून गेली. ते ऐकून नागपूरच्या मुलानं, प्रफुलनं, हे मोटारवाले आरसे पाठवले.

गाव सोडल्यावर दोन्ही बाजूंना धान लागलं. लोंब्या भरून वाकल्या होत्या आणि उतरत्या उन्हात सगळं शिवार झोपेत कूस बदलावी तसं हलत होतं. बांधावर बगळे उभे होते. गाडी पुढं जात होती की शिवारच मागं वाहत होतं, गुणाबाईला क्षणभर कळेना.

एका खड्ड्यात गाडी आदळली. दादाजींचा हात सवयीनं खिडकीकडं गेला, काठावर थांबला, आणि परत येऊन मांडीवर पडला. गुणाबाईनं बटण दाबलं. भुंगा घुमला.

“चांगलं हाये बटण,” दादाजी म्हणाले.

“हो.”



“आता मी घरी राह्यलो तरी चालते तुले,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. हिशेब कधीचा करून ठेवलेला होता, आज नुसता सांगितला, असं वाटत होतं.

पुढं बोडी लागली, त्या लहानशा तळ्याच्या पाळीवर मोहाची झाडं होती. त्यांच्या सावलीत गुणाबाईनं गाडी उभी केली. पाण्यावर एक ढग स्थिर पडला होता. कुठंतरी होला घुमत होता.

“काऊन थांबली वं?”

“आरसा बराबर नाई. जरा पाहा बरं.”

“मोटर हाये न त्याले.”

“मोटरले नाई समजत.”

दादाजींनी हात बाहेर काढला, बोटांनी काचेची कड चाचपली आणि तळव्यानं आरसा हळूच ढकलला. आतले दाते कटकट वाजले.

“भाईर?”

“नाई, आत.”

“एवढा?”

“अजून जरासा... बस.”

दादाजींनी हात आत घेतला, पण मागं टेकले नाहीत. मान थोडी तिरपी करून ते तसेच बसून राहिले. गुणाबाईला कळलं, ते भुंग्याची वाट पाहत होते. हा आंधळ्यानं लावलेला आरसा बायको आता गुपचूप नीट करील, आणि तो आवाज आपल्याला येईल, म्हणून ते कान देऊन होते.

तिनं दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. गाडी पहिल्यावर घातली. बोडी मागं पडली, मोहाची झाडं मागं पडली, वळण आलं आणि गेलं. भुंगा काही घुमला नाही.

दादाजींनी पाठ टेकली. खिडकीशी सरकले. वारं तोंडावर घेत त्यांनी डोळे मिटले.

“गुणा.”

“जी.”

डोळे गेल्यापासून त्यांनी कुणालाही, कधीही, काही कसं दिसतं ते विचारलं नव्हतं. बाजारात नाही, घरी नाही, नात मांडीवर दिली तेव्हाही नाही. बोटांनी जेवढं कळेल तेवढ्यावर भागवलं होतं.

“काय दिसते वं आरशात?”

गुणाबाईनं पाहिलं. मागचा रस्ता त्यात नव्हताच. सगळा आरसा दादाजींच्याच तोंडानं भरला होता, आणि त्या तोंडाच्या मागं, दूरवर, पिकलेलं धान वाहत होतं.

“सांगतो,” ती म्हणाली, आणि गाडी आणखी हळू केली. “आधी केसं सांगतो. सारे पांढरे झाले.”