उजेडाचं मशीन

डॉक्टरबाईंनी ओल्या कापसाने छातीवरची पावडर पुसली, तशी कौसल्या ओशाळली. फोटो म्हटला की पावडर थापायची, ही खोड बघण्याच्या कार्यक्रमांपासूनची. काळ्या पोरीला आई तशीच पाहुण्यांपुढे बसवायची.

सोनोग्राफीत छातीतल्या गाठीचा उलगडा झाला नव्हता, म्हणून हे नवं मशीन. ते अंगात उजेड सोडायचं आणि आतून उठणाऱ्या आवाजावरून चित्र काढायचं. पडद्यावर मात्र नुसता करडा धुरळा उमटला. डॉक्टरबाईंनी पुन्हा पुन्हा मशीन फिरवलं आणि शेवटी हात टेकले.

"मावशी, उजेड वरच्या कातडीतच अडतोय. हे मशीन गोऱ्या बायकांवर बेतलंय."

"म्हणजे इथंही माझा रंगच आडवा आला."

"तुमच्यात काही दोष नाही हो. थोडे महिने थांबू, गाठ वाढते का बघू."

कौसल्याने ब्लाउजची बटणं लावली.

"पाहुणेही असंच म्हणायचे. मुलीत दोष नाही, थोडं थांबा, कळवतो." पदर सारखा करत ती उठली. "पण तेव्हा थांबून नुसतं वय वाढायचं."