एकत्र कुटुंब

वरूडच्या नत्थुजींची दोन्ही पोरं माय गेल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. संत्र्याच्या बागेत मधोमध तारेचं कुंपण पडलं. कर वाचतो म्हणून संत्र्याचा व्यापार तेवढा एकत्र कुटुंबाच्या नावावर राहिला. त्याच्या सह्यांसाठी वर्षातून एकदा दोघं भाऊ बापासमोर एका सतरंजीवर बसतात.

आज टीव्हीवर संसदेत एकत्र कुटुंबाची ही करसवलत बंद करण्यावर चर्चा सुरू होती.

"ही कुटुंबं फक्त कागदावर एकत्र आहेत!" एक खासदार ओरडले.

बापाचा चेहरा उतरलेला पाहून धाकटा बंडू म्हणाला, "बाबा, तुमी कावून घाबरता? सवलत गेली तं माह्या वाट्याचा कर मी भरीन."

नत्थुजींनी टीव्हीपुढे हात जोडले.



"कागदावर तरी राहू द्या ना, साहेब."