दगडफुलाचा कागद

बिदरच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणारे माणिकराव आठ वर्षं दर आइतवारी जनवाड्याच्या माळावर जायचे. तिथल्या एका लाल जांभ्या दगडावर करडं दगडफूल पसरलं होतं. ते किती वाढतं, यावर त्यांचं संशोधन होतं. पातळ कागद वर ठेवायचा आणि पेन्सिलीनं त्याची कड उतरवून घ्यायची.

एकदा त्यांची बायको सुभद्राबाई मागोमाग गेली. माणिकराव दगडावर ओणवे होऊन म्हणत होते, "हलू नकोस. झालंच बघ."

एवढ्या मायेनं ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. तिच्या जिवाचा जळफळाट झाला.

संक्रांतीत ते लातूरला गेले, तशी ती खुरपं घेऊन माळावर गेली आणि लाल दगड निघेस्तोवर तिनं ते दगडफूल खरवडलं.

पुढच्या आइतवारी माणिकराव माळावरून हसत परतले. नवा कागद जुन्यावर ठेवून म्हणाले, "बोटभर वाढलंय की गं!"

दुसऱ्या दिवशी ती धावत जाऊन बघून आली. दगड उघडाबोडकाच होता. परतताना तिची पाठ खाजायला लागली.

त्यापुढच्या आइतवारी माणिकराव कागद घेऊन चुलीपाशी आले.

"आज माळावर न्हाई व्हय जायचं?"

"कामून जाऊ एवढ्या लांब? पाठ कर इकडं."

गार कागद पाठीला टेकला. "हलू नकोस. झालंच बघ."

आवाजात तीच माया होती. सुभद्राबाई हलली नाही.

पेन्सिल कमरेपासून निघाली, मानेवर चढली, कानामागून पुढं आली, तरी कड वळायचं नाव घेईना.