चूळ

सांजेची मगरिबची नमाज आटोपून मौलाना वहिदुल्ला मशिदीच्या पायरीवर आले आणि सवयीने त्यांनी उजवीकडे पाहिलं. लेकरं कडेवर घेतलेल्या बाया रोजच्यासारख्या उभ्या होत्या. कुणाचं लेकरू किरकिर करत होतं, कुणाचं दूध पीत नव्हतं. नमाज पढून आलेल्या माणसाने फुंकर घातली की पोर शांत झोपतं, हा गावाचा जुना विश्वास. त्यात हिंदू-मुसलमान असं कुणी कधी पाहिलं नाही. पण आता त्या बाया मशिदीत नमाज पढवणाऱ्या नव्या हाफिजजींपुढे उभ्या होत्या. मौलानांसमोर होते बाप्ये, आणि त्यांच्या हातात अर्ज.

मौलाना पंचायत समितीचे सभापती झाले, त्याला एक पावसाळा उलटून गेला होता. निवडून आल्याचा त्यांना आनंद होता, खोटं कशाला बोलायचं. गाडी होती, मान होता, थोडीफार कामंही होत होती. फक्त ही सांजेची वेळ आली की जिवाला लागायचं. अर्ध्या गावाला याच पायरीवर त्यांनी फुंकर घालून मोठं केलं होतं, आणि आता एकही माय त्यांच्याकडे लेकरू आणत नव्हती.

अर्जांच्या रांगेत शेवटी तांड्यावरची कमलीबाई होती. तिची पाळी आली तसा मौलानांनी कागदासाठी हात पुढे केला. तिने नातू पुढे केला.

“कागुद नाई जी. हा गोलू झोपीत दचकून राह्यला. फुक मारून द्या.”

मौलानांना इतकं बरं वाटलं की ते लगेच खाली वाकलेसुद्धा. मग थबकले.

“हाफिजजीकडे ने, बाई. माहं तोंड आता पयल्यावानी नाई राह्यलं. जो येते त्याले हो म्हणतो, अन् अर्धंबी होत नाई.”

पुढाऱ्यांची बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, हे कमलीबाईला कुणी शिकवायला नको होतं. तिला नवल वाटलं नाही.

“याच्या बापावर तुमीच फुक मारली होती,” ती म्हणाली. “तोंड खराब झालं असंन तं धुऊन या. मी थांबते.”

अर्ज देऊन रेंगाळलेले दोघे-तिघे हसले. मौलाना हसले नाहीत. ते आत हौदावर गेले, बाह्या सारून बसले आणि नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतात तसा त्यांनी नव्याने वजू केला. तोंडात पाणी घेऊन तीन चुळा भरायच्या, ही रीत. त्यांनी वर आणखी एक भरून घेतली.

दाढीतून पाणी निथळत परत आले तर वाटेत अर्ज घेऊन दौलतराव आडवे. त्यांच्या शेताकडचा रस्ता यंदा होणारच, असं दुपारीच मौलाना चारचौघांत बोलून बसले होते.

“मौलाना, रस्त्याचं पक्कं धरू ना? पोराईले सांगून टाकतो.”

‘पक्कं’ अगदी ओठांवर आलं होतं. समोर गोलू डोळे मोठे करून पाहत होता. आत्ता एक शब्द इकडचा तिकडे झाला असता, तर पुन्हा हौद गाठावा लागला असता.

“नाई, दौलतराव. यंदा एकच रस्ता हाये, तो पल्याडच्या गावाचा. तुमचा पुढच्या साली पाह्यतो. पक्कं नाई म्हनत.”

मग त्यांनी ओठातल्या ओठात पढून गोलूच्या कपाळावर हळूच फुंकर घातली. दाढीवरचा एक गार थेंब पोराच्या गालावर पडला आणि ते खुदकन हसलं. कित्येक महिन्यांनी मौलानांना पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

दौलतराव अर्जाची घडी घालत तिथेच उभे होते. त्यांनी कमलीबाईकडे पाहिलं.

“कमलीबाई,” ते म्हणाले, “तुले आज नाई तं उद्या यायले काय झालं होतं व?”