तेरा नंबर

“हनुवटी टेकवा मावशी, आणि हिरव्या दिव्याकडं बघा. पापणी हलवू नका.”

सत्यभामानं हनुवटी टेकवली. चष्मा मांडीवर होता. हिरवा दिवा तिला दिव्यासारखा दिसलाच नाही, पाण्यात विरघळलेल्या रंगासारखा दिसला. तरी ती त्याच्याकडं बघत राहिली. सकाळी बेगमपुऱ्यातल्या मेसच्या पोरांचे डबे भरून ती रिक्षानं जालना रोडवरच्या या दवाखान्यात आली होती. हा तिसरा दवाखाना. आधीच्या दोघांनी नको म्हणून सांगितलं होतं.

चष्मा घालवायचं लेझर इथं करायचंच नव्हतं. ते शारजात व्हायचं होतं. तिथल्या दवाखान्यानं वय विचारलं, नंबर विचारला आणि या, बघू, म्हणाले. फक्त इकडच्या एका डॉक्टरचा होकार मागितला. तिची लेक विशाखा तिथं आठव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण. आई नको का जवळ? पण विशाखाची सासू आधीच नांदेडहून शारजात जाऊन बसली होती. दोन खोल्यांचं घर, दोन महिने, आणि त्या घरात सत्यभामाचा हा बाटलीच्या बुडासारखा चष्मा घालून जायची सोय नव्हती.

खोटं सत्यभामाच बोलली होती. मुलगी बघायला आले तेव्हा विहीणबाईंनी सरळ विचारलं होतं, घरात कुणाला जास्ती नंबरचा चष्मा आहे का, आमच्यात चालत नाही. विशाखाच्या डोळ्यांत तेव्हा लेन्स होत्या. सत्यभामाचा चष्मा पिठाच्या डब्यात होता. “नाय, कुणालाच नाय,” ती म्हणाली आणि पावलं मोजत चहाचा ट्रे घेऊन आली. लग्नातही तिनं चष्मा लावला नाही. नवरा गेलेला, म्हणून मानपान तिच्याच हातून होता. व्याह्यांची टॉवेल-टोपी तिनं बँडवाल्याच्या हातात दिली. सगळा मांडव हसला. पोरीच्या लग्नाची गडबड आहे बाईला, असं कुणीतरी म्हणालं आणि ती वाचली. पुढं तीन वर्षांत सोयरे दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा पिठाचा डबा.

लेन्स तिनं स्वतःही लावून बघितल्या होत्या. डोळ्यात जखम झाली. पुन्हा हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली. मग उरलं ते लेझर.

डॉक्टरनं संगणकावरचे रंगीत गोल फिरवून फिरवून बघितले. मग खुर्ची तिच्याकडं वळवली. तिचं बुबुळ फार पातळ आहे, असं तो सांगू लागला. एवढा नंबर काढायचा तर ते इतकं तासावं लागेल की पुढं ते टिकणारच नाही, वाकडं होईल. वय सत्तेचाळीस, मागचा पडदाही ओढलेला. इथं नाही, आणि कुठल्याही देशात नाही. कुणी करतो म्हणालाच, तर त्याच्या दारातून परत फिरा.

“किती दिवस टिकंल?” तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“केलं तर. डोळे जायच्या आधी किती दिवस दिसंल?”

डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं.

“दोन महिने दिसलं तरी लई झालं, डॉक्टर. दोन महिन्याचं लिहून द्या. पुढचं मी बघते.”

त्यानं लिहून दिलं नाही. फाइल मिटून तिच्या हातात दिली आणि सोबत कोण आलंय, असं हळू विचारलं. कुणीच आलेलं नव्हतं.

ती बाहेर बाकावर येऊन बसली. शेजारी एक बाई तान्ह्या बाळाला थोपटत होती. विशाखा परवा फोनवर रडली होती. आई, तू नाही आलीस तर सासूबाई विचारतील का नाही आली, आणि आलीस तर चष्मा बघतील. सासू एकदा म्हणाली होती म्हणे, फसवून दिलेली पोरगी आम्ही माहेरी पोचती करतो. हसत म्हणाली होती, पण म्हणाली होती. होकार आला नाही हे आता पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

फोन वाजला. जावई, सम्यक.

तिनं घसा साफ केला. बाजारात आलेय, असं सांगितलं. मग तो म्हणाला, शारजातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातून त्याला फोन आला होता, सासूबाईंच्या लेझरला डॉक्टरचा होकार मिळाला का, असं विचारायला. विशाखा उचलत नव्हती, म्हणून त्यांनी दुसरा नंबर लावला.

“आई, किती नंबर आहे तुमचा?”

सत्यभामानं आधाराला बाकाची कड धरली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो आकडा दवाखान्याबाहेरच्या परक्या माणसाला सांगितला.

“तेरा.”

“विशाखाचा साडेनऊ आहे. मला माहीत आहे.”

मग ती एकदम सगळं बोलून गेली. खोटं मी बोलले, जावईबापू. पोरगी नाय बोलली. तिला मीच लेन्स घालून बसवलं. काय बोलायचं ते मला बोला, पण या दिवसांत तिला माघारी पाठवू नका. मी येतच नाय तिकडं, कुणाला काय कळायचं नाय. बोलता बोलता तिचा आवाज चढला. शेजारची बाई थोपटायची थांबून बघू लागली.

“चष्मा लावून या, आई,” सम्यक म्हणाला. “आमच्या आईचं मी बघतो.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“लग्नाच्या चौथ्या दिवशी. लेन्स काढल्या की ती रात्री भिंत चाचपत जाते. विचारलं असतं तर लाजेनं मेली असती. म्हणून तीन वर्षं मी रात्रभर लाइट लावून झोपतो. तिला वाटतं, मला अंधाराची भीती वाटते.”