सशांची जोडी

मटणाला मटण आणि थंडीत कातड्याच्या टोप्या, असा दुहेरी बेत करून रुपचंदने नव्वद साली नरडाण्याच्या घरी सशांची जोडी आणली. चारापाणी अर्थातच बायकोच्या, मंजुळाबाईच्या गळ्यात पडलं. लसूणघास भरवता भरवता महिनाभरात त्या दोघांनी तिला पुरतं खिशात घातलं.

मग एका रविवारी रुपचंदने सुरीला धार लावली आणि काळ्या कानांचा ससा उचलला, तशी ती आडवी आली.

"आयका, पोटुशी शे ती. पाप लागी."

पुढच्या रविवारी दुसरीही पोटुशी निघाली. त्यानंतर दर रविवारी घरात वांग्याचं भरीतच होत राहिलं.

दिवाळी गेली, होळी आली, तरी पिल्लू काही दिसेना. शेवटी रुपचंदने गुरांच्या डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी दोघांना उलटं करून पाहिलं आणि हसू दाबत म्हणाले, "रुपचंदभाऊ, तुम्हाला दोन्ही नरच दिलेत."

रुपचंदने बायकोकडे पाहत सुरी मागितली. मंजुळाबाईने दोघांना पदराखाली घेतलं.

"नर तं नर. पन यास्ना दिवस आजून भरेल नहीत."