समान गारवा

"चौदा!" कमलाकर खेडकरांनी फ्रिजचं दार किलकिलं करून थर्मामीटर वाचला. मघाशी बारा होता.

"दर पाच मिनिटांनी दार उघडलंत तर वीस होईल," उषाताई म्हणाल्या. आत त्यांचं महिनाभराचं इन्सुलिन होतं आणि त्याला आठच्या वर चालत नाही.

अकोल्यातल्या मे महिन्यात दुपारची वीज कोणत्या फ्रिजला किती द्यायची, हे आता वीज कंपनीचा संगणकच फ्रिजमध्ये डोकावून ठरवत असे. इन्सुलिनची बाटली दिसली की पहिला मान. खेडकरांनी तक्रारीसाठी फोन लावला.

"आपला फ्रिज ठणठणीत आहे," संगणक अदबीनं म्हणाला. "आपल्या इमारतीत बावीस घरं आहेत आणि बावीसही घरांत मधुमेही आहेत. त्यामुळे वीज सर्वांना समान."

खेडकरांनी फोन ठेवला. उषाताईंच्या इन्सुलिनच्या रिकाम्या बाटल्या त्यांनीच वाटल्या होत्या, सोसायटीचे सेक्रेटरी या नात्यानं, मागेल त्याला.

ते तडक पहिल्या मजल्यावर तिडकेबाईंकडे गेले.

"बाटली देते की काका, पण आधी बाकीच्यांकडून घ्या. माझ्या एकटीच्या फ्रिजनं असा काय फरक पडणार? आज जावई यायचेत हो." आणि त्यांनी काकूंसाठी म्हणून आमरसाची वाटी हातात दिली.

वाटी सांभाळत खेडकर चारही मजले फिरले. उत्तर सगळीकडे तेच मिळालं, पाहुणे तेवढे वेगळे.

घरी थर्मामीटर सोळावर होता. उषाताईंनी वाटीत बोट बुडवून पाहिलं.

"हाही कोमटच आहे," त्या म्हणाल्या.